लिंक्स ब्राउझर, कानांसाठी आणि बोटांसाठी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

कामाची हद्द आज ठरली. लिंक्स हा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या, नुसत्या मजकुराच्या खिडकीत) चालणारा, फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर घ्यायचा आणि अंध वाचकाला तो पहिल्याच दिवशी वापरता येईल असा लावून द्यायचा. नवा ब्राउझर लिहायचा नाही. लिंक्सच्या मूळ प्रोग्रामलाही हात लावायचा नाही. त्याची सेटिंगची फाइल, कळांची मांडणी आणि गरज पडलीच तर पान लिंक्सपर्यंत पोचण्याआधी ते साफ करणारा एक छोटा फिल्टर, एवढ्यात बसेल ते करायचं.

लिंक्सच का, हे लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न वारंवार येणार. १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात तो सुरू झाला आणि त्याची देखभाल अजून चालू आहे, २.९.० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली. बाकीचे पर्यायही पाहिले. डब्ल्यूथ्रीएम चांगला आहे, ई-लिंक्सही. ईमॅक्स या एडिटरला बोलतं करणारं टी. व्ही. रामन यांचं ईमॅक्सस्पीक १९९५ पासून आहे, पण ते घ्यायचं तर आधी ईमॅक्स शिकायला हवा. एडब्राउझ हा कार्ल डाल्के या अंध प्रोग्रामरने लिहिलेला ब्राउझर. त्यात पडदा ही कल्पनाच नाही. आज्ञा द्यायची आणि ओळ वाचायची. विचाराने तोच मला सगळ्यांत पुढचा वाटतो. पण त्याच्या आज्ञा अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि आमच्या दोन्ही वाचकांचा हात बाणांच्या कळांवर बसलेला आहे.

हे दोन वाचक म्हणजे या कामाचा कणा. एक माझा मित्र, प्रोग्रामर. तो ग्राफिकल टर्मिनलमध्ये ऑर्का हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) आणि ई-स्पीक एनजीचा आवाज वापरतो. दुसऱ्या इतिहास शिकवणाऱ्या बाई. त्या लिनक्सच्या साध्या कन्सोलवर (खिडक्या नसलेल्या, नुसत्या मजकुराच्या पडद्यावर) काम करतात आणि ब्रेल-टीटीवाय या पडद्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये आणणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने ४० खान्यांच्या ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे उठणाऱ्या ठिपक्यांनी ओळ दाखवणाऱ्या उपकरणावर, वाचतात. आवाज त्या बंदच ठेवतात. म्हणजे प्रत्येक बदल कानानेही तपासायचा आणि बोटांनीही.

१५ जानेवारी

काहीही न बदलता लिंक्स उघडला. मित्राने खाली जाणारा बाण दाबला. पडद्यावर पुढची लिंक रंगाने उठून दिसली, मला ती लगेच कळली. त्याच्या कानात मात्र पडद्याच्या तळाची सूचना आली. पुन्हा बाण, पुन्हा तळाची सूचना.

कारण साधं आहे. स्क्रीन रीडर कर्सरच्या मागे जातो. लिंक्स मूळ सेटिंगमध्ये कर्सर उजव्या खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो, म्हणजे डोळस माणसाला तो मध्येमध्ये लुकलुकताना दिसू नये. आपण कुठल्या लिंकवर आहोत हे फक्त रंग सांगतो, आणि रंग स्क्रीन रीडर आपणहून वाचत नाही. ब्रेल डिस्प्लेवरही तीच गत : बाण दाबला की बाईंच्या बोटांखाली तळाची ओळ.

यावर लिंक्समध्ये शो कर्सर हे सेटिंग आहे. ते चालू केलं की कर्सर चालू लिंकच्या पहिल्या अक्षरावर जाऊन बसतो. सेटिंगच्या फाइलमध्ये ते एका ओळीचं काम आहे, ओ दाबून उघडणाऱ्या पर्यायांच्या पानातही ते आहे. चालू केल्यावर मित्राने चारपाच वेळा बाण दाबला आणि म्हणाला, "आता हा माझ्याशी बोलतोय."

ज्याने कोणी हे सेटिंग ठेवलं त्याच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण ते मुळात बंद असतं, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला ते शोधण्यासाठी आधी ब्राउझर वापरता यायला हवा. या प्रकल्पाचं निम्मं कारण इथेच आहे.

पुढच्या प्रत्येक बदलाची कसोटीही आज मिळाली. कळ दाबल्यावर कर्सर अर्थाच्या जागी पोचतो का, आणि तिथे पोचेपर्यंत काय काय ऐकावं लागतं? डोळा पानावरून घसरत जातो आणि हवं ते उचलतो. कानाला तशी सोय नाही, ओळ पुढे आली की ती ऐकावीच लागते.

१७ जानेवारी

तळाच्या ओळी. लिंक्स नवख्या माणसासाठी पडद्याखाली मदतीच्या दोन ओळी कायम दाखवतो : बाण काय करतात, कुठल्या अक्षराने काय होतं. पान बदललं की त्या पुन्हा समोर येतात.

वापरकर्त्याच्या तीन पातळ्या आहेत : नवखा, मधला, सराईत. सराईत निवडला की मदत जाते, पण तिच्या जागी चालू लिंकचा पूर्ण पत्ता येतो. डोळ्यांना तो उपयोगी आहे. आवाजात मात्र तिरक्या रेघा, आकडे, प्रश्नचिन्हं यांची लांबलचक माळ ऐकू येण्याचा धोका. मित्रासाठी मधली पातळी. बाईंना सराईत हवी, कारण त्यांच्या डिस्प्लेवर तळाची ओळ मुद्दाम खाली गेल्याशिवाय येतच नाही, आणि पुस्तकसूची तपासताना लिंक नक्की कुठे नेते हे उघडण्याआधी बघायची त्यांना सवय आहे.

डाउनलोडचा वेग दाखवणारा आकडा दोघांसाठी बंद. तो सतत बदलतो, आणि बदललेलं सगळं वाचायचं असं सेटिंग असेल तर दुसरं काही ऐकूच येत नाही.

२१ जानेवारी

लिंकांना क्रमांक द्यायचे की नाही यावर आज मतभेद झाला, आणि तो मिटवायचा नाही असं ठरलं.

लिंक्स प्रत्येक लिंकच्या आधी चौकोनी कंसात आकडा लावू शकतो, फॉर्मच्या रकान्यांनाही. आकडा टाइप करून एंटर दाबला की ती लिंक उघडते. आकड्यानंतर जी दाबलं तर न उघडता कर्सर तिथे जातो. मित्राला हे फार आवडलं. त्याच्यासाठी त्या आकड्याचं दुसरंही काम आहे : हा साधा मजकूर नाही, लिंक आहे, एवढं त्यावरून कळतं. नाहीतर वाक्याच्या मध्ये आलेली लिंक आणि आजूबाजूचे शब्द आवाजात सारखेच. १९९७ मध्ये चिएको आसाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये तयार केलेला होम पेज रीडर मजकूर पुरुषाच्या आणि लिंका बाईच्या आवाजात वाचत असे. टर्मिनलमध्ये आवाज बदलण्याची तशी सोय आमच्याजवळ नाही, म्हणून आकडा. विरामचिन्हं वाचण्याची पातळी खाली आणली की कंस गळून पडतात आणि नुसता आकडा राहतो.

बाईंचं म्हणणं वेगळं. "अहो, माझ्याकडे खाने चाळीस. त्यातले सात तुमच्या आकड्याने खाल्ले तर मी वाचू काय?" हिशेब बरोबर आहे. युनिफाइड इंग्लिश ब्रेलमध्ये चौकोनी कंस प्रत्येकी दोन खाने घेतो, अंकाचं चिन्ह एक, आणि दोन आकडी संख्या असेल तर आणखी दोन. लिंकांनी भरलेल्या पानावर ओळीचा मोठा भाग असा जातो. शिवाय त्यांना लिंक ओळखायला आकडा लागत नाही : ब्रेल-टीटीवाय पडद्यावरच्या अक्षराचे रंगाचे गुणधर्म अधोरेखनासारखे, सातव्या आणि आठव्या ठिपक्यांनी दाखवू शकतो. बोट फिरलं की लिंक कळते.

तेव्हा दोन वेगळ्या सेटिंग फाइली : एक आवाजाची, एक ब्रेलची. सामाईक गोष्टी तिसऱ्या फाइलमध्ये आणि या दोन्ही ती आत ओढून घेतात. सगळ्या अंधांसाठी एकच सोयीची मांडणी असते, हा समज मुळातच चुकीचा आहे.

२३ जानेवारी

ब्रेलची बाजू. लिंक्स टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे ओळी तोडतो, आणि ती रुंदी साधारण ८० अक्षरांची. ४० खान्यांवर प्रत्येक ओळ दोन तुकड्यांत वाचावी लागते आणि दुसरा तुकडा बहुतेक वेळा अर्धा रिकामा. टर्मिनललाच सांगितलं की तुझी रुंदी ४०. लिंक्सने ओळी त्या मापाने तोडल्या. डावी-उजवी कोरी जागा बंद केली आणि ओळी दोन्ही कडांना ताणून बसवणं बंदच आहे याची खात्री केली, कारण ताणलेल्या ओळीत शब्दांमध्ये जास्तीच्या मोकळ्या जागा पडतात आणि ब्रेलमध्ये त्या बोटाला अडखळवतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ब्रेल डिस्प्लेच्या प्रत्येक खान्यावर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की कर्सर त्या खान्यावर येतो. ब्रेल-टीटीवाय हे कसं साधतो? बाणांच्या कळा दाबल्याचा भास निर्माण करून, कर्सर हव्या त्या जागी सरकेपर्यंत. एडिटरमध्ये ते उत्तम चालतं. लिंक्समध्ये डावा बाण म्हणजे मागच्या पानावर जा, उजवा म्हणजे लिंक उघड. खान्यावरचं बटण दाबलं की पानच निघून जाण्याची भीती.

ब्रेल-टीटीवायमध्ये कर्सर फक्त उभ्या दिशेने नेण्याची वेगळी आज्ञा आहे, ती डाव्या-उजव्या बाणाला शिवत नाही. बाईंच्या डिस्प्लेवर ती एका सोयीच्या कळेवर बसवली. आता ओळ समोर आली की ती कळ दाबायची; लिंक्स वरखाली जात त्या ओळीवरच्या लिंकवर येतो. एका ओळीत दोन लिंका असल्या तर टॅब एकदा जास्त. बाई म्हणाल्या, "चालेल, हे लक्षात राहील."

२८ जानेवारी

वेळेची सेटिंगं. लिंक्स आपले निरोप काही सेकंद थांबवतो आणि पुढे जातो : साधी माहिती १ सेकंद, निरोप २, इशारा ३. डोळ्यांना ३ सेकंद भरपूर. आवाज तेव्हा आधीचंच वाक्य संपवत असतो, आणि ब्रेलवर तर बोट तळाशी पोचायच्या आत इशारा गेलेला. इशाऱ्याची वेळ वाढवली. तरी हुकलाच तर लिंक्स अलीकडचे निरोप एका आतल्या पानावर जपून ठेवतो. तिथे जायची कळ मदतीच्या पानात पहिल्याच ओळीत लिहिणार आहे.

कुकी घेऊ का, हा प्रश्नही तळाशी येतो आणि उत्तर मिळेपर्यंत सगळं अडवून धरतो. ज्याला प्रश्न आलेला कळलाच नाही, त्याच्या दृष्टीने ब्राउझर बंद पडला. कुकी विचारल्याशिवाय स्वीकारायची, पण लिंक्स बंद केला की सगळ्या पुसायच्या, असं केलं. खासगीपणाच्या अंगाने हे आदर्श नाही हे मला माहीत आहे. दोघांना समजावून सांगितलं, दोघांनी मान्य केलं.

३ फेब्रुवारी

हेडिंग. आजपासून खरं अवघड काम.

लांब पानावर माहिती कशी शोधता, असं वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना वेळोवेळी विचारत आली आहे, आणि सर्वांत जास्त लोकांचं उत्तर दर वेळी एकच : हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारत. ग्राफिकल ब्राउझरसोबत एनव्हीडीए किंवा ऑर्का असा स्क्रीन रीडर असेल तर एच दाबायचं, पुढचं हेडिंग. लिंक्समध्ये अशी कळ नाही. हेडिंग तो ठळक करतो, पातळीप्रमाणे मध्यभागी किंवा आत-बाहेर सरकवतो. म्हणजे पुन्हा डोळ्यांसाठीच.

मूळ प्रोग्रामला हात लावायचा नाही, मग उरतो फिल्टर. पान आणायचं, प्रत्येक हेडिंगच्या तोंडाशी एक खूण घालायची, आणि ते लिंक्सच्या हाती द्यायचं. मग लिंक्समधल्या साध्या शोधाने खुणेवरून खुणेवर जाता येतं : तिरकी रेघ दाबून एकदा खूण टाइप केली की पुढे नुसतं एन.

खूण कुठली हा प्रश्न लहान वाटतो, पण तिच्यावर बराच वेळ गेला. ती पानावर एरवी येता कामा नये, आवाजात चटकन संपली पाहिजे, ब्रेलमध्ये जागा कमी घेतली पाहिजे, आणि मराठीचा कीबोर्ड चालू न करता टाइप करता आली पाहिजे. शेवटी रोमन क्यू आणि एच ही अक्षरं जोडून आणि त्यांना चिकटून पातळीचा अंक. क्यूएच शोधलं की कुठलंही हेडिंग. क्यूएच २ शोधलं की फक्त दुसऱ्या पातळीची.

५ फेब्रुवारी

खूण सापडते, पान सरकतं, पण कर्सर हलत नाही. लिंक्सच्या लेखी कर्सर म्हणजे चालू लिंक. शोध साध्या मजकुरात लागला तर तो शब्द उजळतो आणि कर्सर कुठल्यातरी लिंकपाशीच राहतो. १५ जानेवारीची कसोटी इथे पुन्हा समोर आली.

उपाय असा : फिल्टरने खुणेलाच लिंक करायचं, त्याच हेडिंगकडे बोट दाखवणारी. आता शोध लागतो तो लिंकमध्ये, त्यामुळे कर्सर तिथे जातो, आणि स्क्रीन रीडर ती ओळ वाचतो. चुकून एंटर दाबला तरी आपण तिथल्या तिथेच. शिवाय पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी एल दाबून मिळते, तिच्यातही हेडिंगच्या खुणा येतात.

मित्राने एक लांबलचक तांत्रिक दस्तऐवज उघडला, क्यूएच २ शोधलं आणि एन, एन, एन करत हव्या त्या प्रकरणावर गेला. मग वर आला आणि पुन्हा गेला, मुद्दाम, नुसता जाता येतं म्हणून.

९ फेब्रुवारी

फिल्टर लिंक्सला जोडायचा कसा, हे थोडक्यात. लिंक्स आपल्याच संगणकावरचा प्रोग्राम चालवून त्याचं उत्तर पान म्हणून दाखवू शकतो; त्यासाठी लिंक्ससीजीआय नावाची पत्त्यांची खास पद्धत आहे. लिंक्स बांधताना ती सोय चालू ठेवलेली असावी लागते, आणि कुठल्या प्रोग्रामवर विश्वास ठेवायचा ते सेटिंगमध्ये नेमकं लिहावं लागतं. दुसरी ओळ फार जपून लिहिली. एकाच फाइलची परवानगी, आख्ख्या फोल्डरची नाही. नाहीतर बाहेरचं एखादं पान आपल्या संगणकावरचा कुठलाही प्रोग्राम चालवायला लावू शकेल.

पानातल्या लिंका फिल्टर स्वतःकडे वळवून घेतो, म्हणजे पुढचं पानही साफ होऊनच येतं. फॉर्म मात्र जसेच्या तसे सोडले. पासवर्ड आमच्या फिल्टरमधून जायला नको.

१४ फेब्रुवारी

फिल्टर हाताशी आल्यावर इतर कामं भराभर झाली.

लिंक्सला सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) कळत नाही, एरियाचे (पानाचे भाग स्क्रीन रीडरला समजावून सांगणारे) गुणविशेषही कळत नाहीत. याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. नुसतं चित्र असलेलं बटण, ज्याचं नाव पान बनवणाऱ्याने एरिया-लेबलमध्ये नीट लिहिलेलं आहे, ते लिंक्समध्ये निनावी. उलट, पडद्यावर लपवलेले मेनू, बंद असलेल्या खिडक्यांतला मजकूर, एरिया-हिडन लावलेली नक्षी हे सगळं लिंक्स इमानदारीने दाखवतो. फिल्टर आता लेबल उचलून मजकुरात ठेवतो आणि एरिया-हिडन असलेलं काढून टाकतो. सीएसएसने लपवलेल्या गोष्टींना मात्र आम्ही हात लावत नाही. कारण फक्त स्क्रीन रीडरसाठी म्हणून दृष्टीआड ठेवलेला मजकूरही असतो, आणि तो घालवणं हे मेनू ऐकावा लागण्यापेक्षा वाईट.

चित्रांचं सेटिंगही आजच. पर्यायी मजकूर असेल तर तो वाचायचा. रिकामा ठेवलेला असेल तर गप्प, कारण ते चित्र सजावटीचं आहे असं पान बनवणाऱ्याने सांगितलं आहे. पर्यायी मजकूर लिहिलेलाच नसेल तर लिंक्स फाइलचं नाव दाखवू शकतो किंवा कंसात इनलाइन असा शब्द. दोन्ही बंद केले, एक अपवाद ठेवून : तेच चित्र लिंक असेल तर फाइलचं नाव राहू दे. काहीच नसण्यापेक्षा नावावरून थोडा अंदाज बांधता येतो.

आणि मेन. पानात मुख्य मजकुराचा भाग त्या नावाने दाखवलेला असेल तर फिल्टर तो उचलून सगळ्यांत वर आणतो, मेनू खाली जातो. बाईंना हे पटलं नाही. त्यांना पान जसं रचलं आहे तसंच हवं, कारण विद्यार्थ्यांना फोनवर सांगताना वरून तिसरी लिंक म्हणजे दोघांची तिसरी असली पाहिजे. त्यांच्या फाइलमध्ये क्रम मूळचाच, फक्त सुरुवातीला मुख्य मजकुराकडे नेणारी एक लिंक.

२० फेब्रुवारी

तक्ते. ज्या कामात अजून समाधान नाही ते हे.

साधा तक्ता लिंक्स रकाने जुळवून मांडतो. डोळ्यांना छान. ऐकताना सहाव्या ओळीतला तिसरा आकडा कशाचा, हे वरच्या ओळीतली शीर्षकं पाठ असतील तरच कळतं. ४० खान्यांवर तर रकाने मोडून एकमेकांत मिसळतात. फिल्टर आता शीर्षकाचे खाने शोधतो आणि प्रत्येक ओळ वाक्यासारखी उलगडतो : शीर्षक, अपूर्णविराम, मजकूर, स्वल्पविराम, पुढचं शीर्षक. दोघांनाही हे पसंत.

पण ऐकणं लांबतं. पंधरा रकान्यांच्या तक्त्यात तीच शीर्षकं ओळीमागून ओळ. मित्राने सुचवलं की पहिल्या ओळीत पूर्ण शीर्षक आणि पुढे पहिला शब्द. करून बघितलं, एका तक्त्यात दोन शीर्षकांचा पहिला शब्द सारखाच निघाला. सध्या पूर्ण शीर्षकच ठेवलं आहे आणि एका कळेने मूळ मांडणी परत आणता येते. शीर्षकाचे खाने नसलेला तक्ता, आणि एकत्र जोडलेले खाने असलेला तक्ता, फिल्टर तसाच सोडतो. तिथे अंदाज बांधला तर आकडा चुकीच्या नावाखाली वाचला जाईल. वाचकाकडे तो पडताळायचा दुसरा मार्ग नसेल तर हे फार गंभीर आहे.

२२ फेब्रुवारी

बाईंच्या कन्सोलवर मराठी.

लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बसतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय नाही. देवनागरी पान उघडलं की मला नुसत्या चौकटी दिसतात. बाईंना मात्र व्यवस्थित वाचता येतं. कारण ब्रेलला आकृती लागतच नाही, अक्षराचा युनिकोड क्रमांक पुरतो. पूर्वी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पडद्यावरच्या आकृतीचा क्रमांकच तेवढा जपून ठेवत असे. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की ते कायमचं हरवायचं. लिनक्स ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून, पडद्याची युनिकोड प्रत वेगळी मिळते आणि ब्रेल-टीटीवाय ती वाचतो. जुना कर्नल असलेल्या संगणकावर हे चालणार नाही, सूचनांमध्ये ठळक लिहायचं.

लिंक्सकडून दोनच गोष्टी : दाखवण्याचा अक्षरसंच यूटीएफ-८ (युनिकोड लिहिण्याची रूढ पद्धत), आणि पानाने आपला संच सांगितला नसेल तरी यूटीएफ-८ धरायचा. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेली जुनी मराठी पानं उघडली तर आवाजातही आणि ब्रेलमध्येही रोमन अक्षरांचा गोंधळच येतो. प्रत्येक फॉन्टसाठी वेगळं रूपांतर लागेल. ते काम मोठं आहे, या प्रकल्पात नाही घेतलं.

२७ फेब्रुवारी

फॉर्म. लिंक्समध्ये बहुतेक आज्ञा एका अक्षराच्या आहेत. बाणाने खाली येता येता कर्सर शोधाच्या रकान्यात शिरला की तीच अक्षरं आज्ञा न राहता रकान्यात उमटू लागतात. मित्र क्यूएच शोधायला तिरकी रेघ दाबतो आणि ती रेघ रकान्यात जाते. यावर सेटिंग आहे : रकान्यावर एंटर दाबल्याशिवाय तो जागा होत नाही. आवाजाच्या फाइलमध्ये चालू केलं. बाईंना रकाना लगेच जागा हवा, त्यांच्याकडे बंद. रकान्यात अगदी डावीकडे असताना डावा बाण दाबला तर पान सोडण्याआधी विचारायचं, हे मात्र दोघांकडे. अर्धा भरलेला फॉर्म एका बाणाने जाणं दोघांनाही परवडणारं नाही.

लांब मजकुराचा रकाना थेट बाहेरच्या एडिटरमध्ये उघडतो. प्रत्येकाचा आपापल्या सवयीचा.

६ मार्च

जावास्क्रिप्टवाचून (पानासोबत येणाऱ्या, ब्राउझरने चालवायच्या प्रोग्रामवाचून) ज्यांत काहीच नाही अशी पानं. लिंक्स जावास्क्रिप्ट चालवत नाही, आणि फिल्टरने ते करायचं म्हणजे फिल्टरचाच ब्राउझर होईल. एडब्राउझमध्ये जावास्क्रिप्ट आहे, काही पानं त्यात उघडली, काही नाही. जिथे पैसे भरायचे किंवा ठरावीक मुदतीत अर्ज द्यायचा तिथे प्रयोग नकोत.

म्हणून लिंक्सच्या बाहेरच्या प्रोग्रामच्या सोयीचा उपयोग. टिंब दाबलं की चालू लिंक, स्वल्पविराम दाबला की चालू पान ग्राफिकल ब्राउझरमध्ये उघडतं, तिथे ऑर्का आहेच. मजकूर जवळजवळ नसलेलं पान आलं तर फिल्टर पहिल्याच ओळीत तसं स्पष्ट सांगतो आणि स्वल्पविराम दाबायला सुचवतो. नाहीतर रिकाम्या पानावर माणूस वरखाली करत बसतो आणि दोष आपलाच आहे असं समजतो. मित्र म्हणाला, ही ओळ नऊ-दहा वर्षांपूर्वी कुणी ऐकवली असती तर त्याचे कितीतरी तास वाचले असते.

बाईंच्या कन्सोलवर ग्राफिकल ब्राउझर नाही. त्यांच्याकडे स्वल्पविराम पानाचा पत्ता एका फाइलमध्ये जमा करतो, दुसऱ्या संगणकावर नंतर उघडण्यासाठी. हे पुरेसं नाही हे त्यांनीच सांगितलं, आणि ते खरं आहे.

११ मार्च

मदतीचं पान लिहिलं. लिंक्सचं मूळ मदतपान इंग्रजीत आहे आणि नवख्याला फार विस्तृत. आमचं मराठीत, एका पडद्यात मावणारं, प्रत्येक ओळीत आधी कळ आणि मग काम, म्हणजे आवाज पुढे नेताना ओळीचा पहिला शब्द ऐकून थांबायचं की नाही हे ठरवता येतं. आवाज आणि ब्रेल यांची पानं वेगळी, कारण आता कळाही थोड्या वेगळ्या आहेत.

बाईंनी ते वाचून दोन ओळी खोडल्या आणि एक वाढवली : सगळी सेटिंगं मूळ स्थितीत कशी न्यायची. ती पहिल्या तीन ओळींत हवी, असा त्यांचा आग्रह. तशी टाकली.

१५ मार्च

दोन्ही फाइली, सामाईक फाइल, फिल्टर आणि मदतीची पानं आज एकत्र करून दोघांच्या संगणकांवर नव्याने बसवली. बसवण्याचा प्रोग्राम सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो, आवाज की ब्रेल, आणि दोन्ही वापरणाऱ्याला ब्रेलची फाइल देऊन क्रमांक चालू करतो.

शिल्लक कामं : जोडलेल्या खान्यांचे तक्ते. फिल्टरचा वेग, जुन्या संगणकावर मोठं पान यायला उशीर होतो आणि तेवढा वेळ कानात काहीच नसतं. निदान पान येत आहे असं एकदा बोललं पाहिजे. कमी दिसणाऱ्यांसाठी मोठा फॉन्ट आणि ठळक रंगांची तिसरी फाइल, तिच्यासाठी अशा वाचकालाच सोबत घ्यावं लागेल. मित्राने हेडिंगच्या शोधासाठी एकच कळ मागितली आहे. ती मूळ प्रोग्रामला हात न लावता होते का, हे पुढच्या आठवड्यात बघायचं.